गुणानुक्रमाचा न्याय : अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलच्या निमित्ताने

१

मराठीत 'गुण' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. वस्तूच्या किंवा व्यक्तीच्या ठायी असलेला चांगुलपणा म्हणजे गुण. आणि परीक्षकाने उत्तरपत्रिकेवर मांडलेला आकडा म्हणजेही गुण. 'गुणानुक्रम' या सामासिक शब्दात हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळून जातात. यादीतला क्रम हा वस्तूंमध्ये आधीच असलेल्या श्रेष्ठकनिष्ठभावाचे प्रतिबिंब असतो, की परीक्षकाच्या निर्णयामुळे तो प्रथमच अस्तित्वात येतो, हा प्रश्न शब्दाच्या या द्व्यर्थीपणामुळे झाकला जातो. साहित्यसमीक्षेला तो अर्थातच नवा नाही. मूल्य वस्तुनिष्ठ की आस्वादकनिष्ठ, या वादात मराठी सौंदर्यविचाराने अर्धशतकाहून अधिक काळ घालवला आहे. मात्र या वादात एक बाजू सहसा दुर्लक्षित राहिली. मूल्यमापन ही केवळ ज्ञानाची क्रिया नसून ती कोणाला तरी काहीतरी देण्याची किंवा नाकारण्याचीही क्रिया असते. त्यामुळे ते खरे आहे की खोटे या प्रश्नाबरोबरच ते न्याय्य आहे की अन्याय्य, हाही प्रश्न उपस्थित होतो.

साहित्यात हा दुसरा प्रश्न धूसर राहतो, कारण तेथे निकष क्वचितच लिहिलेले असतात, निर्णयाला मुदत नसते आणि कालांतराने निर्णय फिरण्याची आशा असते. याउलट लिखित निकष, ठरलेली तारीख आणि अपीलाचा पूर्ण अभाव असलेले मूल्यमापन कोठे पाहावयाचे झाल्यास अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलकडे वळावे लागते. तेथे राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीसाठी, म्हणजे 'प्लेऑफ'साठी, संघांची निवड एक समिती गुणानुक्रम लावून करते. आणि तो गुणानुक्रम न्याय्य आहे काय, याविषयी तेथे दर डिसेंबरात वाद पेटतो. या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न खेळापुरता मर्यादित नाही.

२

आपल्याकडे ज्याला फुटबॉल म्हणतात तो हा खेळ नव्हे. लंबगोल चेंडू हाती घेऊन किंवा फेकून प्रतिपक्षाच्या हद्दीत शिरण्याचा हा खेळ आहे. विद्यापीठांचे संघ तो खेळतात. २०२३ च्या हंगामात सर्वोच्च श्रेणीत असे १३३ संघ होते. खेळाच्या शारीरिक कठोरपणामुळे साधारणपणे आठवड्याला एकच सामना खेळता येतो आणि नियमित हंगामात प्रत्येक संघाच्या वाट्याला १२ सामने येतात. १३३ संघांच्या परस्परांशी ८,७७८ जोड्या होतात; त्यांपैकी प्रत्यक्ष मैदानावर उतरतात त्या आठशेहून कमी. याचा अर्थ असा की बहुसंख्य संघांची तुलना प्रत्यक्ष सामन्याने कधीच होत नाही. ती कोणीतरी करावी लागते.

शिवाय प्रत्यक्ष सामने झाले तरी क्रम लागेलच असे नाही. २००८ साली एकाच गटात टेक्सासने ओक्लाहोमाला ४५–३५ असे हरवले, टेक्सास टेकने टेक्सासला ३९–३३ असे हरवले आणि ओक्लाहोमाने टेक्सास टेकला ६५–२१ असे हरवले. तिन्ही संघांचा नियमित हंगामातला पराभव हा एवढाच. 'अ' हा 'ब'पेक्षा श्रेष्ठ, 'ब' हा 'क'पेक्षा श्रेष्ठ, आणि तरीही 'क' हा 'अ'पेक्षा श्रेष्ठ, अशा चक्राचा विचार कोंदोर्से या फ्रेंच विचारवंताने १७८५ साली मतदानाच्या संदर्भात केला होता. येथे ते चक्र मैदानावरच उभे राहिले. कोणताही क्रम लावला तरी कोणत्या तरी विजयाकडे पाठ फिरवणे भाग होते.

या श्रेणीत राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना स्वतः अजिंक्यपद देत नाही. ती पोकळी प्रथम वृत्तपत्रांनी भरली. असोसिएटेड प्रेसने १९३६ पासून क्रीडापत्रकारांच्या मतांवर आधारित क्रमवारी सुरू केली. १९५० पासून प्रशिक्षकांचीही वेगळी क्रमवारी निघू लागली. दोन परीक्षक मंडळे असल्यावर दोन विजेते होणे अपरिहार्य होते. १९९०, १९९१ आणि १९९७ या तिन्ही वर्षी पत्रकारांचा अजिंक्य संघ एक आणि प्रशिक्षकांचा दुसरा, असे घडले. १९९८ साली मतगणना आणि संगणकीय गणिते यांचे संमिश्र सूत्र करून पहिले दोन संघ निवडण्याची पद्धत आली. माणसाच्या पक्षपातावर यंत्राचा उतारा, ही त्यामागची श्रद्धा होती.

ती फार काळ टिकली नाही. २००३ साली सदर्न कॅलिफोर्नियाचा संघ पत्रकार आणि प्रशिक्षक या दोन्ही क्रमवाऱ्यांत पहिला असूनही सूत्राने त्याला तिसरा ठरवला. आणि आपल्या विभागाच्या अंतिम सामन्यात ३५–७ असा पराभूत झालेला ओक्लाहोमाचा संघ पहिला राहिला. पुढल्याच वर्षी सूत्र बदलून मानवी मतांना दोन तृतीयांश वजन देण्यात आले. त्याआधी, २००२ साली, सामना किती फरकाने जिंकला याचा विचार संगणकांनी करू नये असे ठरले होते. या दुरुस्त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. संगणक निःपक्षपाती असतो तो केवळ गणित करण्यात. कशाला किती वजन द्यावयाचे हे आधी माणूस ठरवतो. सूत्र म्हणजे गोठवलेला अभिप्राय असतो. आणि प्रत्येक वादानंतर सूत्र बदलले जात असेल, तर गेल्या वर्षीचा नको असलेला निकाल टाळण्यासाठी केलेला तो कायदा ठरतो.

२०१४ च्या हंगामापासून सूत्र मोडीत निघाले. त्याच्या जागी १३ सदस्यांची निवड समिती आली आणि चार संघांचा प्लेऑफ सुरू झाला. क्रीडासंचालक, माजी प्रशिक्षक अशी अनुभवी माणसे समितीत असतात. ज्या संस्थेशी सदस्याचा संबंध असेल तिच्यावरील चर्चेच्या वेळी तो बाहेर जातो. संस्कृत साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर मतमोजणी आणि गणित यांच्या जागी सहृदयांची सभा आली. मूल्यमापनाचा हा प्रवास साहित्याच्या अभ्यासकाला ओळखीचा वाटावा असाच आहे.

३

या समितीच्या इतिहासातील सर्वांत गंभीर निर्णय ३ डिसेंबर २०२३ चा होय. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा संघ त्या हंगामातले सर्व १३ सामने जिंकून आपल्या विभागाचा विजेता ठरला होता. पाच मोठ्या विभागांपैकी एकाचा अपराजित विजेता असलेला संघ चार संघांच्या प्लेऑफमधून वगळला गेल्याचे त्यापूर्वी एकदाही घडले नव्हते. समितीने मिशिगन आणि वॉशिंग्टन या दोन अपराजित संघांना पहिली दोन स्थाने दिली. तिसरे टेक्सासला आणि चौथे अलाबामाला. या दोन्ही संघांचा एकेक पराभव झाला होता. फ्लोरिडा स्टेट आदल्या क्रमवारीत चौथा होता. त्यानंतरचा सामना जिंकून तो पाचवा झाला.

कारण असे. १८ नोव्हेंबर रोजी संघाचा मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा आणि चेंडू फेकणारा प्रमुख खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस याच्या पायाला दुखापत होऊन त्याचा हंगाम संपला. त्याच्यावाचून संघाने फ्लोरिडाला २४–१५ असे हरवले आणि विभागीय अंतिम सामन्यात लुईव्हिलला १६–६ असे हरवले. या दोन विजयांत आक्रमणाची धार कमी झालेली दिसत होती. बचावाने सामने जिंकले. पहिल्या अकरा आठवड्यांतला संघ आणि आताचा संघ एकच नाही, अशी भूमिका समितीच्या अध्यक्षांनी मांडली. दुसरीकडे अलाबामाने त्याच आठवड्यात पहिल्या स्थानावरील जॉर्जियाला २७–२४ असे हरवले होते. त्यांना बाहेर ठेवणे कठीण होते. आणि टेक्सासने अलाबामाला सप्टेंबरात ३४–२४ असे हरवलेले असल्यामुळे टेक्सासला अलाबामाच्या मागे ठेवणेही कठीण होते. समितीचा पेच खरा होता, हे मान्य केले पाहिजे.

तरीही या निर्णयाने अनेकांच्या न्यायबुद्धीला धक्का बसला. तो धक्का नेमका कशाचा होता? 'जो कधी हरला नाही त्याला वगळले' एवढे उत्तर पुरेसे नाही. सेंट्रल फ्लोरिडाचा संघ २०१७ साली अपराजित राहूनही समितीच्या क्रमवारीत बाराव्या स्थानी होता, आणि त्याबद्दल समिती एवढी गोंधळलेली दिसली नव्हती. विजयांची संख्या ही विजयांची किंमत नव्हे, हे सर्वांनाच मान्य असते. तेव्हा उत्तर आणखी खोल शोधावे लागेल.

४

समितीने मनमानी केली, नियम ऐनवेळी बदलले, असा आरोप झाला. तो टिकणारा नाही. नियम आधीच लिहिलेला होता. ज्या संघांमध्ये फारसा फरक दिसत नाही त्यांचा क्रम लावताना विभागीय विजेतेपद, प्रतिस्पर्ध्यांचे बळ, परस्परांतील सामना आणि समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी यांचा विचार करावा, असे समितीची तेव्हाची नियमावली सांगत होती. त्याखेरीज 'इतर संबंधित बाबी' असेही एक कलम आहे. प्रमुख खेळाडू किंवा प्रशिक्षक उपलब्ध नसल्यामुळे संघाच्या हंगामातील कामगिरीवर परिणाम झाला असण्याची शक्यता, अथवा हंगामोत्तर कामगिरीवर होण्याची शक्यता, विचारात घ्यावी, असा त्याचा आशय आहे.

हे कलम समीक्षकाच्या सवयीने, शब्द तोलून वाचले पाहिजे. त्यात 'अथवा' या एका अव्ययाने दोन अगदी भिन्न जातींचे प्रश्न जोडले आहेत. पहिला प्रश्न भूतकाळाविषयी आहे. एखाद्या संघाचा पराभव प्रमुख खेळाडू आजारी असताना झाला असेल, तर त्या पराभवाचा अर्थ काय लावावा? हा अर्थनिर्णयनाचा प्रश्न होय. घडलेली कृती समोर आहे; तिचा संदर्भ लक्षात घेऊन तिचे मोल ठरवावयाचे आहे. दुसरा प्रश्न भविष्याविषयी आहे. हा संघ पुढे कसा खेळेल? हा भाकिताचा प्रश्न होय. येथे समोर कृती नाही. न घडलेल्या कृतीविषयी अंदाज आहे. प्रतिस्पर्धी किती बलवान होता हे ठरवताना समिती पहिल्या प्रकारचा निर्णय करते. दुखापतीमुळे संघ पुढे दुबळा ठरेल असे म्हणताना ती दुसऱ्या प्रकारचा निर्णय करते. दोन्ही निर्णय व्यक्तिनिष्ठ आहेत, दोन्ही चुकू शकतात. म्हणून ते एकाच जातीचे आहेत असे समजणे ही वर्गीकरणाची चूक ठरते.

जे. ओ. अर्मसन यांनी १९५० साली प्रतवारीच्या संकल्पनेवर लिहिलेला निबंध सौंदर्यमीमांसेच्या अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. प्रतवारीचे शब्द स्वीकृत निकषांच्या पाठबळावरच अर्थपूर्ण होतात, हा त्यातला मुद्दा येथे उपयोगी पडतो. समितीला 'सर्वोत्तम' संघ निवडावयाचे असतात. पण 'सर्वोत्तम' म्हणजे ज्यांनी सर्वाधिक साधले ते, की ज्यांची साधण्याची क्षमता आज सर्वाधिक आहे ते? एकच प्रतवाचक शब्द दोन निकषसंचांवर उभा आहे. बहुतेक वर्षी दोन्ही संचांतून तीच नावे निघतात आणि दुभंग लक्षात येत नाही. २०२३ साली तो उघडा पडला.

जॉन रॉल्स यांनी आपल्या १९७१ च्या ग्रंथात प्रक्रियात्मक न्यायाचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांच्या साहाय्याने हा मुद्दा अधिक नेमका करता येईल. जेथे योग्य निष्पत्तीचा स्वतंत्र निकष नसतो आणि नियमानुसार जे निष्पन्न होईल तेच योग्य मानावयाचे असते, तेथे शुद्ध प्रक्रियात्मक न्याय असतो. मैदानावरचा सामना या जातीचा आहे. प्रामाणिकपणे खेळलेल्या सामन्यात ज्याचे गुण अधिक तो विजेता. 'खरे तर दुसरा संघ सरस होता' या वाक्याला मानसिक समाधानापलीकडे मूल्य नसते. जेथे स्वतंत्र निकष आहे, पण तेथपर्यंत खात्रीने नेणारी प्रक्रिया नाही, तेथे अपूर्ण प्रक्रियात्मक न्याय असतो. फौजदारी खटला हे त्याचे उदाहरण. समितीची निवड या दुसऱ्या जातीची आहे. पण खटल्यात न्यायालय आरोपीने अमुक कृत्य केले काय, एवढेच विचारते. साक्षीपुरावा अपुरा असेल, न्यायाधीश चुकेल, तरी प्रश्न घडलेल्या कृत्याविषयीचाच राहतो. 'हा मनुष्य पुढे गुन्हा करील असे वाटते' म्हणून त्याला दोषी ठरवणारे न्यायालय अपूर्ण न्याय देत नाही; ते न्यायदानाचे काम सोडून दुसरेच काही करीत असते.

फ्लोरिडा स्टेटच्या प्रकरणात न्यायबुद्धीला बसलेला धक्का हा या जातीचा होता. निर्णय चुकला की बरोबर आला, हा त्यातला मुख्य मुद्दा नव्हे. संघ हंगामभर एका गृहीतावर खेळले: मैदानावर जे घडेल ते मोजले जाईल. शेवटी त्यांतील एकाला सांगण्यात आले की, तुम्ही काय केले याचा हिशेब झाला. आता तुम्ही काय कराल याचाही झाला आहे, आणि तो आम्ही तुमच्यावाचून केला आहे.

५

या भूमिकेवर तीन आक्षेप संभवतात.

पहिला आक्षेप तादात्म्याचा. मुख्य खेळाडू गेला तेव्हा संघच बदलला. मग जुन्या संघाचे श्रेय नव्याला का द्यावे? हा युक्तिवाद जेवढे सिद्ध करू पाहतो त्यापेक्षा फार अधिक सिद्ध करतो. दुखापतीनंतरचा संघ हा दुसराच संघ असेल, तर आधीच्या विजयांचा धनी कोण, असा प्रश्न निर्माण होतो; आणि त्याच न्यायाने त्या दुसऱ्या संघाचा जमाखर्च मांडावयाचा तर तो दोन सामने खेळून दोन्ही जिंकलेला संघ ठरतो. संघ ही एकत्रित कर्तृत्वाची संस्था आहे. माणसे बदलत असतानाही तिचा हंगाम एकच असतो. दुखापत हा त्या हंगामाचाच एक भाग असतो. समितीच्या पहिल्याच वर्षी, २०१४ च्या हंगामात, ओहायो स्टेटचा संघ तिसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकवर येऊन ठेपला होता. त्याने विभागीय अंतिम सामना ५९–० असा जिंकला, समितीने त्याला चौथे स्थान दिले, आणि तोच राष्ट्रीय विजेता झाला. त्या वेळी राखीव खेळाडूचा दणदणीत विजय भाकिताला अनुकूल वाटला, २०२३ साली राखीव खेळाडूचा झुंजून मिळवलेला विजय प्रतिकूल वाटला. विजय दोन्ही होते. फरक पडला तो विजयाच्या देखणेपणामुळे.

दुसरा आक्षेप निकालाचा. प्लेऑफमधून वगळल्यावर फ्लोरिडा स्टेट ऑरेंज बोल सामन्यात जॉर्जियाकडून ६३–३ असा पराभूत झाला. तेव्हा समितीचे बरोबरच होते, असे म्हटले गेले. डेव्हिड ह्यूम यांनी अभिरुचीच्या प्रमाणाविषयीच्या १७५७ च्या निबंधात सांगितलेली गोष्ट येथे आठवते. सांचो पान्झाच्या दोन नातलगांनी मद्याची चव घेतली; एकाला त्यात चामड्याची, दुसऱ्याला लोखंडाची किंचित चव लागली. लोक हसले. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडली. परीक्षकाचा निर्णय पुढे वस्तूनेच खरा ठरवावा, ही मूल्यमापनाची जुनी आकांक्षा आहे. पण त्या गोष्टीतली किल्ली चव घेण्यापूर्वीच पिंपात होती. ऑरेंज बोलमध्ये हरलेला संघ मात्र वगळला गेल्यानंतरचा होता. त्यातले अनेक प्रमुख खेळाडू, अजिंक्यपदाची आशाच उरली नसल्याने, त्या सामन्यात उतरलेच नाहीत. निर्णयाने घडवलेली परिस्थिती निर्णयाचा पुरावा म्हणून सादर करता येत नाही. आणि समजा, संघ पूर्ण ताकदीनिशी उतरून हरला असता, तरी त्यावरून भाकीत अचूक होते एवढेच सिद्ध झाले असते. भाकीत करण्याचा अधिकार होता, हे नव्हे.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्लेऑफमधील जागा हे केवळ बक्षीस नाही. ती पुढल्या कामावरची नेमणूकही आहे. उत्तम बासरी कोणाला द्यावी, तर जो ती उत्तम वाजवील त्याला, असे ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'मध्ये म्हटले आहे. वादनाचे साधन देताना पुढे होणाऱ्या वादनाचा विचार करणे योग्यच. तसे पाहता, हंगामोत्तर सामने चांगले व्हावेत म्हणून आज समर्थ असणारा संघ निवडणे यात गैर काय? या आक्षेपातले सत्य नाकारता येणार नाही. नेमणूक आणि गौरव ही दोन तत्त्वे एकाच जागेत एकवटली आहेत, हीच या पद्धतीची मूळ अडचण आहे. जोएल फाइनबर्ग यांनी १९६३ च्या निबंधात दाखवल्याप्रमाणे, 'अमक्याला अमुक मिळणे योग्य' असे म्हणताना त्या व्यक्तीच्या ठिकाणी त्याला आधार असावा लागतो. आणि श्रेयाचा आधार हा केलेल्या गोष्टींत असतो. नेमणुकीचा आधार मात्र अपेक्षित उपयोगात असू शकतो. दोन्ही तत्त्वे खरी असतील तर त्यांत अग्रक्रम ठरवणे भाग आहे. स्पर्धेच्या संस्थेत तो अग्रक्रम श्रेयालाच दिला पाहिजे, कारण स्पर्धा ही कृतींना निर्णायक मानण्याचे आश्वासन देऊनच उभी राहते. कृतींमधून निर्णय होऊ शकत नसेल, तेथेच भाकिताला जागा असावी. फ्लोरिडा स्टेटच्या बाबतीत कृती मुक्या नव्हत्या.

६

येथपर्यंतच्या विवेचनातून असा समज होऊ नये की भाकीत दूर केले म्हणजे न्याय आपोआप प्रस्थापित होतो. कृतींचे मोल लावण्यातही एक दुष्टचक्र दडलेले आहे. २०१७ च्या सेंट्रल फ्लोरिडाचे प्रतिस्पर्धी दुबळे, म्हणून त्याच्या विजयांची किंमत कमी, असे म्हटले गेले. प्रतिस्पर्धी दुबळे कशावरून? त्यांच्या विभागाच्या लौकिकावरून. आणि लौकिक कशावरून? मागील गुणानुक्रमांवरून. अंशापासून समग्राकडे आणि समग्रापासून पुन्हा अंशाकडे जाणारे असे वर्तुळ प्रत्येक अर्थनिर्णयनात असते. ते टाळता येत नाही. पण ज्याला वर्तुळात शिरण्याचीच संधी नाही त्याच्यावर ते बाहेरून बंद होते. सामने वर्षानुवर्षे आधी ठरतात, बलाढ्य संघ अनोळखी विभागातल्या धोकादायक संघाशी खेळावयास फारसे उत्सुक नसतात. आणि मग 'तुम्ही बलाढ्यांशी खेळला नाहीत' हाच दोष ठरतो. सेंट्रल फ्लोरिडाने पुढे ऑबर्नला ३४–२७ असे हरवले. त्याच ऑबर्नने नियमित हंगामात अलाबामा आणि जॉर्जिया या, त्या वर्षी अंतिम सामना खेळलेल्या दोन्ही संघांना हरवले होते. आपण राष्ट्रीय विजेते आहोत असे त्या विद्यापीठाने जाहीर केले तेव्हा पुष्कळांना ते हास्यास्पद वाटले. पण ती घोषणा म्हणजे कृतीची संधीच न देणाऱ्या गुणानुक्रमाला दिलेले उत्तर होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. अशा विभागातला पहिला संघ, सिनसिनाटी, प्लेऑफमध्ये पोहोचला तो २०२१ च्या हंगामात.

यावर व्यवस्थेने काढलेला उपाय म्हणजे विस्तार. २०२४ च्या हंगामापासून प्लेऑफ १२ संघांचा झाला. त्याने संधी वाढली, हे निःसंशय चांगले झाले. पण सीमारेषा सरकल्याने सीमारेषेवरचा प्रश्न सुटत नाही. ७ डिसेंबर २०२५ रोजी हे दिसून आले. मायामी आणि नोटर डेम या दोन्ही संघांचे १० विजय आणि २ पराभव झाले होते. ३१ ऑगस्टला मायामीने नोटर डेमला २७–२४ असे हरवले होते. तरीही समितीच्या दर आठवड्याच्या क्रमवारीत नोटर डेम मायामीच्या वर राहिला. शेवटच्या आठवड्यात दोघांपैकी कोणीही खेळले नाही. दोघांच्या मधला ब्रिगहॅम यंगचा संघ हरून खाली गेला, दोन संघ शेजारी आले, आणि आता परस्परांतील सामना विचारात घेतला पाहिजे असे सांगून मायामीला वर घेण्यात आले. नोटर डेम बाहेर राहिला.

कृतीला अग्रक्रम द्यावा, या तत्त्वाने पाहिले तर निष्पत्ती योग्यच होती. मायामी जिंकला होता. पण ऑगस्टातल्या कृतीला डिसेंबरात, तेही तिसऱ्याच संघाच्या पराभवामुळे, वजन प्राप्त व्हावे, ही न्यायाची रीत नव्हे. पाच आठवडे जाहीर होणाऱ्या याद्यांनी एक अपेक्षा निर्माण केली होती. संस्थेच्या सार्वजनिक वर्तनातून निर्माण होणाऱ्या रास्त अपेक्षांना रॉल्स यांच्या मांडणीत महत्त्वाचे स्थान आहे, ते याच कारणासाठी. नोटर डेमची तक्रार 'आम्ही श्रेष्ठ होतो' या स्वरूपात दुबळी ठरते. 'आमची तुलना कशाने होणार हे आम्हाला शेवटपर्यंत कळू दिले नाही' या स्वरूपात ती भक्कम आहे. पुढे मायामी अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, यावरून समितीचे समर्थन करणे म्हणजे ऑरेंज बोलच्या वेळची चूक उलट दिशेने पुन्हा करणे होय. योग्य निष्पत्ती अन्याय्य रीतीने मिळू शकते आणि प्रामाणिक रीतीतून चुकीची निष्पत्ती येऊ शकते. हे दोन दोष वेगळे आहेत आणि ते वेगळेच मोजले पाहिजेत.

७

या सर्व विवेचनाचे साहित्यविचाराशी असलेले नाते आता थोडक्यात मांडता येईल. मराठीत खेळाडूचे कृत्य आणि लेखकाची रचना या दोहोंना 'कृती' हा एकच शब्द चालतो, आणि हे निव्वळ शाब्दिक साम्य नाही. पूर्ण झालेली कृती कर्त्यापासून सुटून सार्वजनिक होते. तिचे मोल तिच्यातच शोधावे लागते. विमसॅट आणि बिअर्ड्स्ली यांनी १९४६ साली लेखकाच्या हेतूला निकष मानण्यास नकार दिला, तेव्हा त्यांना कृतीमागे जाण्यास प्रतिबंध करावयाचा होता. कृतीच्या पुढे जाण्यास, म्हणजे कर्त्याच्या भावी क्षमतेला निकष मानण्यास, तितकाच काटेकोर प्रतिबंध करण्याची गरज समीक्षेला क्वचितच वाटली. वस्तुतः 'आश्वासक', 'अपेक्षा उंचावणारा', 'याच्याकडून आता फारसे संभवत नाही' अशा शब्दांनी समीक्षा आणि पुरस्कारांच्या समित्या नित्य भाकिते करीत असतात, आणि ती मूल्यमापनाच्या नावाने नोंदवली जातात. समोर असलेली कृती वाचण्याचे कष्ट त्यामुळे वाचतात. नामवंताच्या सामान्य कृतीला त्याच्या लौकिकाचा आधार मिळतो. अनोळखी लेखकाच्या समर्थ कृतीला 'पुढे पाहू' असे उत्तर मिळते.

मूल्यमापन व्यक्तिनिष्ठ असते म्हणून ते अन्याय्य ठरते, हा समज या वादातून तपासून घेता येतो. संगणकाने तो दोष दूर झाला नाही आणि तेरा जाणकारांनी तो वाढवलाही नाही. जाणकारांना मत असणारच. मताशिवाय कृतीचे मोल लागत नाही. न्याय त्यांच्याकडून दोनच गोष्टी मागतो. मत कशाविषयी आहे हे आधी सांगितलेले असावे, आणि ते घडलेल्याविषयी असावे. अकरा सामन्यांनंतर मुख्य खेळाडू गमावलेल्या संघाने उरलेले दोन सामने जिंकले, ही घडलेली गोष्ट होती. तिचे मोल कमी लावण्याचा अधिकार समितीला होता. तिच्या जागी न घडलेली गोष्ट ठेवण्याचा नव्हता.